गाडगेबाबांचा खराटा

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या तीरावर ऋणमोचन नावाचे एक लहानसे गाव आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. विसाव्या शतकाच्या आरंभी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी गाड्या जुंपून, शिदोऱ्या बांधून, सहकुटुंब या यात्रेला येत. नदीत स्नान करावे, देवदर्शन घ्यावे आणि दिवस मावळण्यापूर्वी परतीची वाट धरावी, असा त्यांचा क्रम असे. परंतु नदीच्या पाण्यापर्यंत पोहोचणे हेच मोठे जिकिरीचे काम होते. वऱ्हाडची माती काळी आणि चिकण. ओल्या पावलांनी तुडवली की ती लोण्यासारखी निसरडी होते. नदीला घाट नव्हता. हजारो माणसे त्याच उतारावरून खाली जात आणि ओलेत्याने वर येत. वृद्ध माणसे घसरून पडत, लेकुरवाळ्या स्त्रियांचे हाल होत. दरवर्षी असेच चाले, आणि दरवर्षी लोक हळहळ व्यक्त करून घरी जात.

एका वर्षी यात्रेकरूंना तेथे एक निराळेच दृश्य दिसले. एक धट्टाकट्टा तरुण फावड्याने माती खणत होता आणि टोपल्या भरभरून त्या उतारावर टाकीत होता. त्याला कोणी मजुरीने लावले नव्हते. स्नान करून पुण्य जोडण्याची घाईही त्याला दिसत नव्हती. प्रथम लोकांनी त्याला वेड्यात काढले. मग काहींना आपल्या रिकाम्या हातांची लाज वाटली आणि त्यांनी त्याच्याजवळची टोपली घेतली. पुढे लोकांच्याच साहाय्याने १९०८ च्या सुमारास तेथे पक्का घाट उभा राहिला. हा तरुण म्हणजे शेंडगावचा डेबूजी. साऱ्या महाराष्ट्राने त्याला पुढे गाडगे महाराज, गाडगेबाबा या नावांनी ओळखले.

डेबूजींचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखूबाई, आणि आडनाव जाणोरकर. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले. घरदार, शेतीवाडी त्या व्यसनात गेली आणि शेवटी त्यांचा देहही गेला. तेव्हा डेबू अवघा आठ वर्षांचा होता. सखूबाईंनी मुलाला घेऊन माहेरची वाट धरली. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात दापुरे हे तिचे माहेर. तेथे मामा चंद्रभान यांच्या घरी डेबू वाढला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. गुरे राखावीत, गोठा झाडावा, शेण काढावे, औत धरावे, ही त्याची शाळा. पोहण्यात तो मोठा तरबेज होता. पूर्णेला पूर आला म्हणजे इतर मुले काठावर उभी राहत, डेबू मात्र पाण्यात असे. पुढे मामांची जमीन सावकाराच्या कर्जात अडकली आणि त्या दुःखात मामाही गेले. दारू आणि कर्ज माणसाचे काय करतात, हे डेबूने पुस्तकात वाचले नव्हते. ते त्याने आपल्या दोन्ही घरांत पाहिले होते.

खेड्यापाड्यांत हिंडताना याहून भयंकर असा एक शत्रू त्याच्या डोळ्यांसमोर वावरत होता. तो म्हणजे रोगाची साथ. गाडगेबाबांच्या कामाचे मोल नीट कळण्यासाठी त्या साथींची हकीकत आपण थोडी विस्ताराने पाहिली पाहिजे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील पुष्कळ गावांत विहिरींचे पाणी खारट लागते. या भागाला खारपाणपट्टा असेच म्हणतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. अशा गावांतील लोकांना नदीचे, नाल्याचे किंवा तळ्याचे पाणी पिण्यावाचून गत्यंतर नसे. उन्हाळ्यात नदी आटली म्हणजे बायका वाळूत खड्डे करीत आणि त्यांत पाझरणारे पाणी वाटीवाटीने घागरीत भरीत. त्याच नदीवर गुरे धुतली जात, कपडे धुतले जात, आणि काठावरच माणसे शौचास बसत. पहिला पाऊस आला की काठावरची सारी घाण वाहून पाण्यात जाई. मग त्या गावांत पटकीची साथ येण्यास विलंब लागत नसे.

पटकी हा शब्द आज तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलाही नसेल. यालाच कॉलरा म्हणतात. एखाद्या घरी सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारी अंथरुणाला खिळे आणि रात्री त्याची तिरडी बांधावी लागे, इतका हा रोग वेगवान होता. रोग्याला एकाएकी जुलाब सुरू होतात. ते भाताच्या पेजेच्या निवळीसारखे पांढुरके आणि पाणीदार असतात. सोबत उलट्या होतात. शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने बाहेर पडतात. डोळे खोल जातात, आवाज बसतो, पायांत गोळे येतात, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, लघवी बंद होते आणि हातपाय गार पडतात. जाणत्या वैद्याला एवढ्या खुणा पुरत. परंतु रोग ओळखणे निराळे आणि तो कोठून आला हे ओळखणे निराळे.

दुसरी गोष्ट ओळखण्यास जगाला फार काळ लागला. १८५४ साली लंडन शहरात पटकीची साथ आली असताना जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने एक साधा उद्योग केला. कोणकोणत्या घरांत माणसे दगावली, हे त्याने घरोघर विचारले आणि त्या घरांतील माणसे पाणी कोठून आणतात, याचा शोध घेतला. पुष्कळशा घरांचे पाणी रस्त्यावरच्या एकाच पंपाचे निघाले. त्याने अधिकाऱ्यांना त्या पंपाचा दांडा काढावयास लावला. पाण्यात नेमके काय आहे, हे मात्र त्याला दाखविता आले नव्हते. ते काम १८८४ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्याच देशात, कलकत्त्यात केले. रोग्यांच्या आतड्यांत त्याला स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू सूक्ष्मदर्शक यंत्राखाली दिसले. ज्या तळ्याचे पाणी लोक पिण्यासाठी आणि कपडे धुण्यासाठीही वापरीत होते, त्या तळ्यातही तेच जंतू त्याला सापडले. सुमारे त्याच काळात आठ वर्षांचा डेबू दापुऱ्यास मामांची गुरे राखू लागला होता.

कलकत्त्यात लागलेला हा शोध दापुऱ्याला पोहोचण्यास कित्येक वर्षे जावी लागणार होती. वऱ्हाडातील खेड्यांत तेव्हा पटकीचे कारण एकच मानले जाई: मरीआईचा कोप. साथ आली की गावकरी वर्गणी काढीत. देवीला बोकड, कोंबडी बळी देत. भगताच्या अंगात देवी येई आणि ती आणखी मागण्या करी. कोठे कोठे देवीचा गाडा सजवून, वाजतगाजत, गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. आपल्या गावची मरी शेजारच्या गावाकडे गेली, असे समाधान मानून लोक परत फिरत. शेजारचे गाव हा पाहुणा स्वीकारण्यास अर्थातच राजी नसे आणि त्यावरून शिवेवर तंटेही होत. या धामधुमीत रोग्याचे कपडे मात्र नदीवर धुतले जात, आणि त्या नदीचे पाणी कोणी नैवेद्याइतक्याही काळजीने तपासत नसे. बळीच्या खर्चासाठी काढलेले कर्ज साथ ओसरल्यावरही उरे.

१८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग आला आणि काही वर्षांत तोही वऱ्हाडात पोहोचला. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात उपासमारीने खंगलेल्या माणसांना पटकीने गाठले. वयाच्या पंचविशीच्या आत डेबूजींनी हे सारे पाहिले. आपल्या समजुतीप्रमाणे त्यांनी त्यातून काही निष्कर्ष काढले. ते निष्कर्ष कोणत्या दिवशी काढले, हे सांगता येणार नाही. परंतु त्यांचे पुढील वर्तन ते बोलून दाखविते.

१८९२ साली डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला होता. त्यांना मुलगी झाली तेव्हा बारशाच्या जेवणाला दारू आणि मटण देण्याची जातीची चाल होती. डेबूजींनी ती चाल मोडली आणि गोडाधोडाचे जेवण दिले. भाऊबंद रुष्ट झाले. चाल मोडली तर देव कोपेल, हे भय त्यांनी घालून पाहिले. देव कोपला नाही. ही गोष्ट लहान दिसते. पण कोपाच्या भयाला न जुमानणारा माणूस त्या गावात त्या दिवशी निपजला, असे म्हणण्यास हरकत नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा शिवलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि पाणी पिण्यास, भाकरी ठेवण्यास व प्रसंगी डोक्यावर घालण्यासही उपयोगी पडणारे एक मातीचे फुटके गाडगे, एवढा त्यांचा संसार. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोठे त्यांना गोधडेबाबा म्हणत, वऱ्हाडात काही ठिकाणी वट्टीसाधू म्हणत. वट्टी म्हणजे परीट. हे नाव काहींनी तुच्छतेने दिले असेल. बाबांनी ते सुखाने वागविले. त्यांच्या जातीचा धंदा दुसऱ्याचे मळलेले कपडे धुण्याचा. त्यांनी तो धंदा मोठ्या प्रमाणावर केला, इतकेच.

गावात शिरताच बाबा कोणाच्या ओट्यावर जाऊन बसत नसत. ते प्रथम गावातील घाणीची जागा शोधीत. विहिरीभोवती साचलेला चिखल, तुंबलेली गटारे, देवळामागचा उकिरडा, वेशीजवळची हागणदारी, या जागा त्यांना न विचारता सापडत. मग खराटा सुरू होई. विहिरीजवळचा चिखल उपसून ते पाण्याला वाट करून देत. मलमूत्राची घाण उचलताना त्यांचा हात आखडत नसे. त्या काळी हे काम करणाऱ्यांना समाज शिवतही नसे. ज्यांनी घाण करावी त्यांनी उच्च म्हणवून घ्यावे आणि ज्यांनी ती उचलावी त्यांना नीच ठरवावे, असा तो उफराटा न्याय होता. एक साधू हे काम भर दिवसा, साऱ्या गावासमोर करतो, हे पाहून लोक थबकत. कोणी हसत, कोणी त्यांना वेडा भिकारी समजून हुसकून लावीत. काम झाल्यावर कोणी भाकरी दिली तर बाबा ती गाडग्यात घेऊन खात. काम केल्याशिवाय खावयाचे नाही, हा त्यांचा दंडक होता.

दुपारपर्यंत दोनचार तरुण मदतीला येत. सायंकाळी गाव झाडून निघालेले असे, आणि सकाळी ज्याला वेडा म्हटले तोच माणूस झाडलेल्या जागी कीर्तनाला उभा राहिलेला लोकांना दिसे.

ते कीर्तन काही निराळेच असे. त्यांत पांडित्य नव्हते, संस्कृत श्लोकांची रेलचेल नव्हती. गोपाळाच्या नामाचा गजर करावा आणि मग अस्सल वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारावेत, ही बाबांची पद्धत. उत्तर श्रोत्यांनीच द्यावयाचे. देवाला बोकड लागतो काय, दारू पिऊन घर चालते काय, कर्ज काढून सण करणे शहाणपणाचे काय, असे ते विचारीत. हजारो माणसे एका आवाजात उत्तर देत. आणि आपण आजवर जे करीत आलो त्याच्या विरुद्ध ते उत्तर आहे, हे त्यांच्या ध्यानी मागाहून येई. मग हशा पिकत असे. घरातील भांडी मोडावी लागली तरी चालतील, पण मुलांना शाळेत घाला, असा त्यांचा आग्रह असे. स्वतः निरक्षर असल्याने या आग्रहाला एक वेगळीच धार होती.

रोगाच्या बाबतीत गाडगेबाबांनी केलेले मोठे काम याच कीर्तनांत आहे, असे मला वाटते. केवळ खराट्याने रस्ता झाडला म्हणजे पटकी थांबते, अशी कोणी समजूत करून घेऊ नये. पटकीचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही ते असू शकतात. त्यासाठी पाणी उकळावे लागते किंवा त्यात औषध टाकावे लागते. साथीच्या दिवसांत सरकारी माणसे विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकीत. पाणी गुलाबी झाले की गावकरी बिचकत आणि ते पिण्यास नाखूष असत. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने पटकीवर लस तयार करून १८९३ पासून भारतात हजारो लोकांना टोचली होती, आणि १८९७ साली मुंबईत त्याने प्लेगची लसही तयार केली. म्हणजे औषधे होती, शास्त्र होते, डॉक्टरही होते. परंतु रोग हा देवीचा कोप आहे असे जो मानतो, तो सुईपुढे दंड कशाला करील? कोपावर उपाय शांतीचा, आणि घाणीवर उपाय सफाईचा. रोग कोपातून येत नाही, तो घाणीतून आणि आपल्याच वागण्यातून येतो, एवढी एक गोष्ट लोकांच्या मनात उतरल्याखेरीज कोणतेही शास्त्र खेड्याच्या वेशीतून आत येऊ शकत नव्हते. ती गोष्ट बाबांनी चाळीसपन्नास वर्षे गावोगाव सांगितली. त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्र हाती धरले नाही. ज्यांच्याजवळ ते यंत्र होते, त्यांना खेड्यातील माणसाशी त्याच्या भाषेत बोलता येत नव्हते.

बाबांचे लक्ष विशेषेकरून यात्रांवर असे. याला कारण होते. यात्रा म्हणजे साथीच्या रोगाची पेठच. गावोगावचे लोक एका ठिकाणी जमतात, एका पाण्यात स्नान करतात, तेच पाणी पितात, उघड्यावर शिजवतात, उघड्यावर निजतात, आणि चार दिवसांनी आपापल्या गावी परततात. पटकीचा जंतू पोटात गेल्यापासून रोग दिसू लागेपर्यंत काही तासांपासून पाच दिवसांपर्यंतचा अवधी जातो. त्यामुळे यात्रेत रोग घेतलेला माणूस बहुधा वाटेवर किंवा घरी पोहोचल्यावर आजारी पडे, आणि एका गावाची साथ पन्नास गावांची होई. पूर्वी पायी किंवा बैलगाडीने हा प्रवास आठवडाभर चाले. आगगाडी झाल्यावर तो एका दिवसात होऊ लागला. सोय माणसांची झाली, तशी रोगाचीही झाली.

पंढरपूरच्या आषाढी वारीच्या वेळी तर पावसाळा नुकताच सुरू झालेला असे. लाखो वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात उतरत. धर्मशाळा थोड्या, आणि ज्या होत्या त्यांत अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना पाऊलही टाकता येत नसे. ते पावसात, चिखलात, उघड्यावर राहत. गाडगेबाबा पंढरपुरास जात, पण देवदर्शनाच्या रांगेत ते दिसत नसत. ते वाळवंटात खराटा चालवीत असत. लोकांनी केलेली घाण वर्षानुवर्षे झाडल्यावर त्यांना हेही उमगले असावे की, माणसांना बसण्या-निजण्यास जागाच नसेल तर झाडण्याला अंत नाही. १९१७ च्या सुमारास त्यांनी लोकांकडून पैसा जमवून पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारण्यास घेतली. ज्यांना कोठेही थारा नव्हता त्यांच्यासाठी ही वास्तू होती. १९४९ साली बाबांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, देहू, आळंदी इत्यादी ठिकाणीही त्यांनी धर्मशाळा बांधविल्या. पुढे सरकारनेही मोठ्या यात्रांच्या वेळी लस टोचण्याची आणि पाणी शुद्ध करण्याची व्यवस्था वाढविली.

महारोग्यांविषयी बाबांना विशेष कळवळा होता. महारोग म्हणजे कुष्ठरोग. तो जंतूंमुळे होतो, हे १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सनने दाखविले होते. परंतु तो सहजासहजी एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे मात्र लोकांना माहीत नव्हते. त्यामुळे पटकीच्या रोग्याचे कपडे निर्धास्तपणे नदीवर धुणारा गाव महारोग्याला दगड मारून वेशीबाहेर काढीत असे. ज्या रोगाला भ्यावयाचे त्याला भीत नव्हते, आणि ज्याला इतके भ्यावयाचे कारण नाही त्याच्या भयाने माणुसकी सोडीत होते. ऋणमोचनच्या यात्रेत आंधळे, पांगळे आणि महारोगी यांना बाबा अन्नवस्त्र देत. १९३२ साली तेथे त्यांनी सदावर्त सुरू केले. पुढे १९४६ साली अमरावतीजवळ डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन येथे कुष्ठरोग्यांसाठी वसाहत स्थापन केली आणि औषधोपचारांबरोबर त्यांच्या हातांना कामही दिले. एकाच जिल्ह्यात एक निरक्षर कीर्तनकार आणि एक डॉक्टर हे दोघे एकाच दुःखाच्या मागे लागले होते, ही गोष्ट वऱ्हाडला भूषणावह आहे.

बाबांच्या हातून लाखो रुपये खर्च झाले, पण त्यांतील एक पैसाही त्यांनी स्वतःसाठी किंवा मुलाबाळांसाठी वापरला नाही. धर्मशाळांच्या व्यवस्थेसाठी विश्वस्त नेमले आणि आपल्या कुटुंबाचा त्यांवर हक्क राहू दिला नाही. कुंताबाई झोपडीत राहून कष्ट करीत. या पतिव्रतेने काय सोसले असेल, याचा उल्लेख बाबांच्या चरित्रांत फार थोडा येतो, आणि तो अधिक यावयास हवा होता. १९२३ साली मुलगा गोविंद याच्या मृत्यूची वार्ता बाबांना कोकणात कीर्तन चालू असताना मिळाली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. साथीत एकेका घरातील चार चार माणसे गेलेली त्यांनी पाहिली होती, आणि अशा घरांतील लोकांपुढेच ते उभे होते.

मुंबईत मोठ्या रुग्णालयांत उपचारासाठी खेड्यापाड्यांतून रोगी येत. त्यांच्याबरोबर आलेल्या नातेवाइकांना राहावयास जागा नसे. ते पदपथावरच चूल मांडीत आणि तेथेच झोपत. रोगी बरा व्हावा म्हणून आलेली माणसे स्वतःच आजारी पडण्याचा तो मार्ग होता. १९५४ साली बाबांच्या प्रयत्नाने जे. जे. रुग्णालयाजवळ अशा नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. आरंभी नदीच्या उतारावर टोपलीने माती टाकणारा हा माणूस आयुष्याच्या अखेरीस रुग्णालयाच्या दारापर्यंत आला होता. त्यापूर्वी दोन वर्षे, १९५२ साली, त्यांच्या साऱ्या संस्थांसाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली होती.

पटकी आज पूर्वीसारखी गावेच्या गावे ओस पाडीत नाही. जुलाब झालेल्या माणसाला वेळीच पाणी आणि क्षार मिळाले तर तो बहुधा वाचतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते पाणी रोग्याला थोडे थोडे पाजीत राहावे आणि त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. चमचा चहाचा घ्यावा. परंतु पटकी संपलेली नाही. पिण्याच्या पाण्याच्या नळात गटाराचे पाणी शिरले की ती आजही डोके वर काढते. २०००-०१ मध्ये महाराष्ट्र शासनाने खेड्यांसाठी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावाला गुण देताना त्यात पिण्याचे पाणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि शौचालये पाहिली जात. बाबा गावात शिरल्यावर प्रथम ज्या जागा शोधीत, त्याच या जागा.

१९५६ साली बाबा ऐंशी वर्षांचे झाले होते. मधुमेहाने शरीर पोखरले होते, तरी भ्रमंती थांबली नव्हती. डिसेंबरच्या ६ तारखेला डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यांच्याविषयी बाबांना अत्यंत प्रेम होते. ही वार्ता त्यांच्या जिव्हारी लागली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, आजारी अवस्थेत मोटारीतून प्रवास करीत असताना अमरावतीजवळ वलगाव येथे, पेढी नदीच्या पुलानजीक, त्यांनी देह ठेवला. पूर्णेच्या खोऱ्यातच त्यांचा जन्म झाला होता, आणि पेढी ही पूर्णेलाच मिळणारी नदी. अमरावती शहरात जेथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, त्या भागाला आज गाडगेनगर म्हणतात.